कवठाचा डिंक आणि नऊ तास

रांगेत माझ्या पुढे सहा माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कोणाकडे वारुळाची माती, कोणाकडे कण्हेरीची साल. एका आजोबांनी तर काचेच्या बरणीत दोन जिवंत गोगलगाई आणल्या होत्या. माझ्या शर्टाच्या खिशात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती आणि तिच्यात कवठाचा डिंक. रांग सोडून घरी जावं असं मला तीनदा वाटलं. तिसऱ्यांदा मी वळलोसुद्धा, पण मागच्या बाईंनी विचारलं, "जाऊन राहिले का काका? मग मी पुढं सरकते."

"नाही, नाही," मी घाईघाईने म्हणालो आणि पुन्हा तोंड पुढे केलं. मी त्या सोमवारी रांगेत टिकलो तो एवढ्यामुळेच.

सावरगडच्या सरकारी रुग्णालयात अशी रांग रोज लागते. पाच वर्षांपूर्वी, २०३६ साली, त्वचापट्टी आली तेव्हापासून. पट्टी म्हणजे तळहाताएवढी पारदर्शक चकती, तिच्यावर चाळीस खळगे. रोग्याच्या अंगावरून कातडीचा तीळभर तुकडा घेतात आणि त्याच्या पेशी वाढवून प्रत्येक खळग्यात त्याच्या कातडीचा एकेक ठिपका तयार करतात. मग त्याच्याच जखमेतले जंतू त्या ठिपक्यांवर सोडतात. थोडक्यात, रोग्याच्या एका जखमेच्या चाळीस बारीक नकला. आता या नकलांवर हवं ते औषध घालून पाहा, रोगी मजेत खाटेवर पडलेला असतो. नऊ तासांनी पडद्यावर दोन आकडे येतात. पहिला, शंभरातले किती जंतू उरले. दुसरा, शंभरातली किती कातडी जिवंत राहिली. पहिला लहान आणि दुसरा मोठा आला, तर देव पावला.

पट्टी आली ती मोठ्या गरजेपोटी. जुनी प्रतिजैविकं एकामागून एक निकामी झाली होती, आणि कोणत्या रोग्याला काय लागू पडेल ते कोणालाच सांगता येईना. पण कोणी अपेक्षिलं नव्हतं असंही एक झालं. सरकारने नियम केला की रोग्याच्या पट्टीवरचे काही खळगे त्याच्या घरच्यांनी आणलेल्या उपायांसाठी ठेवायचे. झालं! घराघरांतल्या आजीबाईंच्या बटव्यांची परीक्षा सुरू झाली. नऊ तासांत निकाल. कोणाचा तीन पिढ्यांचा लेप पडद्यावर सपशेल आपटायचा आणि सासू-सुनांत महिनाभर अबोला धरला जायचा. क्वचित कशाला तरी यश मिळायचं, आणि मग त्या झाडाचं पानही शिल्लक राहायचं नाही.

माझी धाकटी बहीण नलिनी इंगळे आत वॉर्डात होती. गावात तिची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या दगडाला टाकी लावताना, म्हणजे गुळगुळीत झालेली तळी छिन्नीने पुन्हा खरबरीत करताना, एक कपचा उडून तिच्या डाव्या पायात घुसला. मधुमेह होताच. जखम चिघळली. हॉस्पिटलने तिच्या पट्टीवर बावीस औषधं तपासली, तिच्या गिऱ्हाइकांनी हळदीपासून पाच उपाय आणले. सगळ्यांचे निकाल सारखेच वाईट. डॉक्टर मिताली गावंडे यांनी सांगितलं होतं, शुक्रवारी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

खिडकीशी शकील होता. यंत्र तोच चालवतो.

"या काका. कोणाची पट्टी?"

"नलिनी इंगळे. तेरा खळगे उरलेत तिचे."

"हो, आत्याबाईंचे. काय आणलं?"

मी बाटली पुढे केली. "कवठाचा डिंक आहे. काही होणार नाही बहुतेक. नसेल घ्यायचा तर राहू दे."

"अहो, इथं गोगलगाय घेतली, डिंक काऊन नाही घेणार? कशात कालवला?"

"पाण्यात."

"आणखी काही?"

"नाही. नुसता डिंक."

शकीलने तसं लिहून घेतलं.

मी हा डिंक का आणला तेही सांगायला हवं. सावरगडच्या सार्वजनिक वाचनालयात मी चाळीस वर्षं काढली, आधी पुस्तकं बांधायला आणि नंतर ग्रंथपाल म्हणून. निवृत्तीनंतरही फाटलेली पुस्तकं घरी आणून बांधतो. कवठाचा डिंक कागदावर वाळला की तडकत नाही, म्हणून आमच्याकडे तोच वापरतात. पुठ्ठा कापताना रापीने बोट कापलं की माझे उस्ताद डिंकाच्या भांड्यात बोट बुडवायला लावायचे. चाळीस वर्षांत माझं एकही बोट पिकलं नाही. हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो. मी वाचलेलं पुष्कळ आहे, पण खात्री मला कशाचीच नसते.

संध्याकाळी पाच वाजता मी नलीच्या खाटेशी बसलो होतो, तोच शकील पळत आला. रुग्णालयात पळू नये अशी पाटी आहे, तिच्याच खाली तो थांबला.

"काका! जंतू सहा, त्वचा एक्क्याण्णव!"

मला वाटलं, त्याने आकडे उलटे सांगितले.

"बरोबर ऐकलं तुम्ही," तो म्हणाला. "पाच वर्षांत मी असा निकाल पाहिला नाही."

नली खाटेवर उठून बसली. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तिला हळू बोलता येत नाही. "काय झालं ते मराठीत सांग!"

"आत्याबाई, तुमच्या पायातले जंतू शंभरातले चौऱ्याण्णव मेले. आणि कातडी जशीच्या तशी."

"कशानं?"

शकीलने माझ्याकडे बोट दाखवलं. नलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला खाटेखाली जावंसं वाटलं.

मंगळवारी डॉक्टर गावंडे यांनी स्वतः आणखी तीन खळग्यांत तोच डिंक घातला. पाचला निकाल आले. सात आणि नव्वद, पाच आणि ब्याण्णव, सहा आणि नव्वद. डॉक्टर पस्तिशीच्या आहेत आणि मोजकं बोलतात. पण त्या दिवशी त्या मला हाताला धरून पडद्यापाशी घेऊन गेल्या.

"काका, हे पाहा. एकटा जंतू औषधाने मरतो. पण जखमेत ते वस्ती करून राहतात आणि सगळे मिळून स्वतःवर एक बुळबुळीत थर चढवतात. गोधडीच म्हणा. औषध त्या गोधडीवरून घसरून जातं. बावीसच्या बावीस औषधं घसरली. आणि तुमचा डिंक गोधडीच्या आत शिरला! कसा, ते मला अजून कळलेलं नाही. पण शिरला."

"मग पाय?"

"कवठ आपण खातो. खाण्याच्या झाडाचा पदार्थ पट्टीवर उतरला, तर तो बाहेरून लावायला रोग्याची सही पुरते, असा नियम आहे. उद्या दुपारी बांधू. तुम्ही सकाळी ताजा डिंक करून आणा." त्यांनी मला उकळून गार केलेलं पाणी आणि बंद काचेचं भांडं दिलं.

वॉर्डात नलीने तोवर सभाच भरवली होती. "हा माझा भाऊ! लहानपणी दुकानात जाऊन साखर मागायले लाजायचा, मलेच धाडायचा. आता डॉक्टरीण याले विचारून राहिली!" समोरच्या खाटेवरच्या बाईने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. बहात्तराव्या वर्षी मी घरात एकटाच दोन्ही हात वर करून उभा राहिलो. कोणी पाहिलं नाही, हे बरं झालं.

घरी येताना वाटेत पाहिलं होतं, मारुतीच्या देवळामागच्या कवठांवर चारपाच जण चढले होते. कोयत्याने साली तासत होते. बातमी माझ्या आधी तिथे पोचली होती.

बुधवारी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात डिंक करायला बसलो. खडे कुटले, फडक्यातून चाळले, डॉक्टरांच्या पाण्यात भिजवले, ढवळले. मन भलतीकडेच होतं; आनंदात होतो. हाताने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, चिमूट घेतली आणि भांड्यावर नेली. चिमटीतून निळे कण पडताना मी पाहिले.

मोरचूद.

पुस्तकाच्या डिंकात मोरचूद घालतात, म्हणजे कागद खाणारी कसर लागत नाही. उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चाळीस वर्षं प्रत्येक भांड्यात मी तो घातला होता, आणि सोमवारच्या त्या बाटलीतही. "आणखी काही?" असं शकीलने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. भाजीत काय घातलं असं विचारलं तर मीठ कोण सांगतं? आमच्या कामात डिंक म्हणजे मोरचूद घातलेलाच डिंक. हात करत होता, डोकं कधी विचारत नव्हतं.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. विष. जंतू मारणारच. म्हणजे माझ्या डिंकात काहीच नव्हतं. चार खळग्यांतला तो सगळा चमत्कार एका चिमटीचा होता.

मग ते भांडं आणि डबा पिशवीत घालून रुग्णालयात गेलो. डॉक्टरांकडे जायचं होतं, पण पाय नलीकडे वळले.

"नली, माझी एक चूक झाली."

"तुझ्या रोजच होतात. सांग."

मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मोरचूद? संत्र्याच्या बुंध्याले चोपडतात तो?"

"तोच."

"म्हणजे मी संत्र्याचं झाड झाली का रे?" ती हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. "आज पायाले डिंक लागणार नाही?"

"सांगितलं तर नाही लागणार. मोरचूद खाण्याचा पदार्थ नाही. जिल्ह्याच्या समितीची परवानगी लागेल."

"अन् शुक्रवारी पाय."

मी मान खाली घातली.

"भाऊ, इकडं पाह्य. बाटली तीच आहे ना? ज्यानं जंतू मेले तेच आहे ना त्यात? मग नाव डिंक असो की मोरचूद असो, मले काय करायचं? लाव म्हण ना त्यायले."

मी म्हणालो, "पट्टीवर ते नऊ तास होतं. तुझ्या पायावर आठ दिवस राहील. किती रक्तात झिरपेल, मला माहीत नाही."

"मी सही करते."

"आणि बाकीचे लोक? मारुतीमागं झाडं सोलून राहिलेत. नुसता डिंक लावतील, त्यात काही नाही. कोणी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या असतील."

"लोकायचं मले सांगू नको!" सगळा वॉर्ड आमच्याकडे पाहू लागला. तिने आवाज खाली आणला, म्हणजे तिच्या मानाने. "एक दिवस गप्प बस. आज डिंक लागू दे. उद्या सकाळी सगळ्या गावाले सांग. एक दिवस मागते, भाऊ. गिरणीत उभं राहायले दोन पाय लागतात."

लहानपणापासून तिचं मी सगळं ऐकलं. शाळा, लग्न, घर, प्रत्येक ठिकाणी ती पुढे आणि मी मागे. मी उठलो.

"कुठं चालला?"

"सांगायला."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर गावंडे उभ्याच होत्या. मी बोलायला लागलो आणि पहिल्या वाक्यातच अडखळलो. शेवटी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. निळा रंग पाहून त्यांना बाकीचं कळलं.

"किती वर्षं घालता?"

"चाळीस."

"आणि सोमवारी आठवलं नाही?"

"नाही."

"काका, काल रात्री मी नागपूरला माझ्या सरांना फोन केला. सगळ्यांना सांगितलं." त्या खुर्चीत बसल्या. कपाळावर हात ठेवला. "मी दुपारी हे उघड्या जखमेवर बांधणार होते. त्यात तांबं आहे हे माहीत नसताना."

मी म्हणालो, "माझी चूक आहे. सगळी माझीच."

शकील दाराशी उभा होता. त्याने खाकरून विचारलं, "मॅडम, आत्याबाईंचे नऊ खळगे बाकी आहेत. साडेआठ वाजलेत."

"मग?"

"मग, नुसता डिंक एकात. नुसतं मोरचुदाचं पाणी दुसऱ्यात. अन् काकांची बाटली तिसऱ्यात. कोण काय करतं ते पाहू तरी."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाटलीत तांबं किती आहे ते आपल्याला मोजता येत नाही. नमुना नागपूरला पाठवते, पण तिथला अहवाल सोमवारी येईल."

"काका साधारण सांगतील. किती घालता, काका?"

"चिमूटभर. एका वाटीला एक चिमूट."

"चला, तेवढंच घेऊ."

त्या नऊ तासांत मी वॉर्डात गेलो नाही. रुग्णालयाच्या गाडीतून कर्णा लावून एक माणूस गावभर सांगत फिरला, कवठाचा डिंक जखमेला लावू नका, तपासणी चुकली आहे. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याचं नवल वाटलं.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी पडदा उजळला. आम्ही तिघंच होतो.

नुसता डिंक: जंतू शहाण्णव, त्वचा पंच्याण्णव. काहीच झालं नाही.

नुसतं मोरचुदाचं पाणी: जंतू पाच, त्वचा अकरा. जंतू मेले आणि कातडीही जळून गेली.

बाटली: जंतू सहा, त्वचा एक्क्याण्णव.

शकील म्हणाला, "अरे!"

डॉक्टर पडद्याजवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या. मग त्यांनी टेबलावर एवढ्या जोराने मूठ आपटली, की डब्याचं झाकण खाली पडलं.

"ते डिंक खातात! काका, जंतू डिंक खातात! डिंक म्हणजे साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या. तुमचं तांबं त्या साखळ्यांत अडकून बसलंय. मोकळं नाही, म्हणून कातडीला भाजत नाही. आपल्या पेशींना या साखळ्या तोडता येत नाहीत. पण गोधडीखालचे जंतू भुकेले असतात. त्यांना गोड दिसलं की ते आत ओढून घेतात, साखळी तोडतात, आणि तांबं सुटतं थेट त्यांच्याच पोटात!" त्यांनी श्वास घेतला. "औषध गोधडीत शिरलं नाही. जंतूंनीच ते आत नेलं."

मी खुर्ची शोधत होतो. नुसता डिंक निकामी, नुसता मोरचूद घातक, आणि दोन्ही एकत्र...

"काका, रडू नका," शकील म्हणाला. "सहा खळगे उरलेत अजून."

समितीला फोन लागला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शनिवारी बैठक घेऊ. पण 'चिमूटभर' या मापावर आम्ही परवानगी देणार नाही. वजनात सांगा, आणि त्या वजनाने केलेला ताजा डिंक पट्टीवर उतरवून दाखवा.

गुरुवारी सकाळी सात वाजता प्रयोगशाळेतल्या बारीक तराजूसमोर मला बसवलं. माझी वाटी, माझा डबा. तीस चिमटी घ्यायच्या आणि प्रत्येकीचं वजन करायचं. डॉक्टर, शकील आणि दोन परिचारिका भोवती उभ्या.

"तीनशे दहा मिलिग्रॅम," शकील वाचत होता. "पाचशे वीस. दोनशे ऐंशी. पाचशे सत्तर. काका, तुम्ही दर वेळी वेगळंच घेऊन राहिले."

"तुम्ही सगळे बघता," मी म्हणालो.

"मग डोळे मिटू का?"

"तसं नाही. डिंक करताना मी वाचत असतो. एका हाताने पुस्तक, एका हाताने हे."

तिथे पुस्तक कुठलं! शकीलने भिंतीवरून आग लागल्यास काय करावे याचं पत्रक काढलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. मी वाचायला लागलो. आगीच्या वेळी घाबरून जाऊ नये. लिफ्टचा वापर करू नये. जिन्याच्या उजव्या बाजूने...

"चारशे पाच," शकीलचा आवाज आला. "तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशे दहा. चारशे दोन. मॅडम! चारशे एक!"

मी पत्रक तीनदा वाचलं. तोवर पंचवीस चिमटी झाल्या होत्या आणि एकही तीनशे नव्वदच्या खाली किंवा चारशे पंधराच्या वर गेली नव्हती.

शकीलने तीन भांडी बनवली, निम्मं माप, माझं माप आणि दुप्पट माप. प्रत्येकाला दोन खळगे. आठ वाजता नलीच्या पट्टीवरचे शेवटचे सहा खळगे भरले. पुन्हा चूक झाली तर तपासायला जागाच उरली नव्हती. नवी पट्टी वाढायला तीन आठवडे लागतात, आणि नलीच्या पायाची करंगळी काळी पडू लागली होती.

निम्म्या मापाला जंतू एकाहत्तर उरले. दुप्पट मापाला त्वचा अर्ध्यावर आली. माझ्या मापाला जंतू आठ, त्वचा नव्वद. आणि दुसऱ्या खळग्यात सात, नव्वद.

"एवढ्याशा फटीत बरोबर बसलं," डॉक्टर म्हणाल्या. "काका, हे माप कोणी ठरवलं?"

मला माहीत होतं, पण सांगायला धीर झाला नाही. नंतर सांगितलं. मोरचूद कमी पडला तर कसर पुस्तक खाते. जास्त झाला तर कागद तपकिरी होऊन तुटतो. उस्तादांच्या उस्तादांनी किती पुस्तकं बिघडवून हे माप काढलं असेल कोण जाणे. कसर मरावी आणि कागद जगावा, एवढंच त्यांना हवं होतं.

शुक्रवारी गुडघ्याखालची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पुढे ढकलली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. बुधवारीच डिंक बांधला असता तर ती बोटं वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित." खोटा दिलासा दिला नाही, म्हणून मी त्यांचा आभारी आहे. पण त्या 'कदाचित'मुळे मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. नली बुधवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. पाणी दिलं तर घ्यायची. उशी नीट केली तर करू द्यायची. तोंड भिंतीकडे.

शनिवारी समितीने पडद्यावरून मला चार प्रश्न विचारले. पाच माणसं एका वेळी माझ्याकडे पाहत होती. चौथा प्रश्न होता, "तुम्ही आधी हे का लपवलं?" मी म्हणालो, "लपवलं नाही. मला ते दिसतच नव्हतं." त्यांनी आपसात काही बोलून परवानगी दिली. रोज रक्तातलं तांबं तपासायचं, वाढलं तर लगेच धुऊन टाकायचं. दुपारी दोन वाजता नलीच्या पायावर पहिल्यांदा डिंक बांधला.

रविवारी रक्त ठीक. सोमवारी ठीक. नागपूरचा अहवालही आला. बाटलीतलं तांबं आमच्या मापाशी जुळत होतं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी जखम पूर्ण उघडली. शकील, दोन्ही परिचारिका आणि शेजारच्या वॉर्डातलीही माणसं येऊन उभी राहिली होती. मी उशाशी बसलो होतो. पाहायचं धैर्य नव्हतं, म्हणून डॉक्टरांचा चेहरा पाहत होतो. त्यांनी कापडाचा शेवटचा पदर सोडवला आणि वाकून पाहिलं. मग हळूच बोटाने कडेला दाबलं. नली "आई गं!" म्हणून ओरडली.

"दुखलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखलं म्हणजे काय! जीव गेला!"

"तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा दुखलं तुम्हाला." डॉक्टर बाजूला सरकल्या. "बघा. गोधडी गेली. खाली सगळं लाल आहे, ताजं. पाय राहतो, नलिनीताई."

वॉर्डात एकच गलका झाला. शकील पळत सुटला. कोणाला सांगायला ते त्यालाही माहीत नसावं. नलीने पाय पाहिला, उरलेली तीन बोटं हलवून पाहिली. रडली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

तेवढ्यात दारात एक उंच शेतकरी आला. त्याच्या पावलाला फडकं गुंडाळलं होतं आणि त्यातून पिवळट चिकट काहीतरी ओघळत होतं. "डिंकवाल्या बाई इथंच आहेत का?" त्याने विचारलं. "मी चार दिवसांपासून लावून राहिलो. ताजा, झाडावरचा. पण ठणका काही जाईना."

"काढ ते!" नली अशी ओरडली की परिचारिकेच्या हातातला ट्रे हलला. "कर्णा ऐकला नाही का तू? नुसता डिंक आहे तो, त्यात काही नाही! अन् गोळ्या सोडल्या का?"

"सोडल्या."

"मूर्खा! इकडं ये, खाली बस. हा माझा भाऊ आहे, हा उशाशी बसला तो. याले विचार. तो सांगेल ते खरं." ती माझ्याकडे वळली. सहा दिवसांनी. "भाऊ, बसला काय? सांग त्याले सगळं. मोरचुदाचंही सांग, काही ठेवू नको."

तो माणूस फरशीवर बसला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्या पायाचं फडकं सोडवायला लागलो. डिंक वाळून कातडीला घट्ट बसला होता. ओढून निघाला नसता. मी परिचारिकेला म्हणालो, "कोमट पाणी लागेल," आणि मग त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.